फासा उलटा पडला की काय होतं? माझे आवडते आरपीजी

"तुझा सगळ्यात आवडता आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, कोणता?" हे मला इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. पण आधीच सांगतो, ही जगातल्या बेस्ट गेम्सची यादी वगैरे काही नाही. जळगावात बसून, जमेल तशी चार-पाच टाळकी गोळा करून, कोणाचं मेडिकल दुकान कोणाची रेल्वेची ड्युटी सांभाळत जे काय खेळलो त्यातलं मला काय आवडलं, एवढंच.

ज्यांना यातलं काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोबाईल लागत नाही, बोर्ड लागत नाही. एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात, मास्टर सांगतो "समोर असं असं आहे, तू काय करतोस?" आणि तुम्ही सांगता. जिथे खात्री नाही की जमेल का नाही तिथे फासा टाकायचा. झालं. बाकी सगळ्या पुस्तकांची जाडी हे एवढंच निस्तरण्यासाठी आहे.

आता माझी कसोटी एकच आहे. फासा चांगला पडला की कुठलाही गेम मजेशीरच असतो, त्यात काय विशेष. फासा उलटा पडला की गेम काय करतो ते मी बघतो. तिथे गप्पा थांबल्या, लोकांनी मोबाईल काढले, की तो गेम माझ्या यादीतून खाली गेला.

म्हणूनच डन्जन्स अँड ड्रॅगन्स माझ्या यादीत वर नाही, आणि याच्यावरून आमच्यात नेहमी भांडण होतं. मान्य, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननी १९७४ साली हे काढलं नसतं तर खालचं काहीच नसतं, आणि मी पण सुरुवात त्याच्याचवर केली, पाचवी एडिशन, २०१४ ची. पण बघा ना, कुलूप उघडायचंय, चोराने वीस बाजूंचा फासा टाकला, आले ४. मग? नाही उघडलं. मग दुसरा म्हणतो मी बघतो, तो टाकतो, मग तिसरा. सगळे दारापुढे उभे, एसटीची वाट बघितल्यासारखे. मास्टरच्या पुस्तकात "जमलं, पण काहीतरी किंमत मोजून" असा नियम आहे, नाही असं नाही, पण तो पर्यायी म्हणून कोपऱ्यात टाकलेला. आणि लढाई! सहा जणांचा ग्रुप आणि समोर आठ गॉब्लिन असले की मी आत जाऊन चहा टाकून, गाळून, घेऊन येतो तरी माझी पाळी आलेली नसते. तरी एक सांगतो, नवीन माणसाला घ्यायचं असेल तर हाच गेम सोपा पडतो, कारण सगळ्यांनी नाव ऐकलेलं असतं, आणि लेव्हल वाढल्याचा जो आनंद आहे ना तो दुसरा कोणी देत नाही. शिवाय २०२३ च्या जानेवारीत गेमचे नियम इतरांनी कसे वापरायचे याच्या लायसन्सवरून जो राडा झाला त्यानंतर गेम काढणाऱ्या कंपनीने मूळ नियमांचं डॉक्युमेंट क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येईल असं, टाकून दिलं, म्हणजे पुस्तकावर खर्च न करता चालू करता येतं. फासे मात्र ऑनलाईनच मागवावे लागतात. इथल्या खेळण्यांच्या दुकानात वीस बाजूंचा फासा मागितला तर दुकानदार आधी माझ्याकडे बघतो आणि मग लुडोचा डबा पुढे सरकवतो.

लुडोचा डबा काही वाईट नाही म्हणा, कारण माझा एक नंबरचा गेम त्याच फाशांवर चालतो. ब्लेड्स इन द डार्क, जॉन हार्पर, २०१७. मूळ गेम डॉसक्वॉल नावाच्या शहरात घडतो, सूर्य फुटून गेलेलं जग, शहराभोवती विजेचं कुंपण, कुंपणाबाहेर भुतं, आणि आपण आत छोटी-मोठी चोरी करणारी गँग. नियम असा की जितके फासे मिळतील तेवढे टाकायचे आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. ६ आला तर काम फत्ते. ४ किंवा ५ आला तर काम होतं पण काहीतरी झंझट मागे लागते. ३ किंवा खाली, तर नुसती झंझट. म्हणजे "काहीच झालं नाही" हा निकालच नाही त्यात! फासा पडला म्हणजे गोष्ट हलणारच, कुठेतरी.

आणि दुसरं, यात प्लॅनिंग नाही. इतर गेममध्ये आमचे लोक दरोड्याचा प्लॅन करण्यात अख्खी संध्याकाळ घालवतात, नकाशे काढतात, आणि मग पहिल्या मिनिटाला सगळा प्लॅन बोंबलतो. ब्लेड्समध्ये डायरेक्ट कामावर. सोबत काय सामान आणलंय ते पण आधी लिहायचं नाही, फक्त कमी वजन का मध्यम का जास्त ते सांगायचं आणि गरज पडेल तेव्हा पिशवीतून काढायचं. अडकलात तर फ्लॅशबॅक घ्यायचा: "मी कालच याची सोय करून ठेवली होती." त्याबदल्यात थोडा स्ट्रेस घ्यायचा, आणि स्ट्रेसचे नऊ चौकोन भरले की कॅरेक्टरला कायमचा धक्का बसतो.

डॉसक्वॉलमध्ये खेळून झाल्यावर मी एक वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट, सारंगखेड्यात नेलं. दत्तजयंतीची यात्रा, तापीकाठी घोड्यांचा बाजार, थंडी, तंबू, आणि आमची गँग एका बड्या असामीचा घोडा उचलायला आलेली. घोडा सोडवून झाला, तंबूच्या दोरीवरून पाय अडखळू न देता बाहेर पण आले, आणि गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "पावती?" सगळे गप. मग आमचा मेडिकलवाला म्हणाला, फ्लॅशबॅक. कालच मुनीमाला गाठून, चहा पाजून, घोड्याची पावती फाडून घेतली होती म्हणे. मी म्हटलं ठीक आहे भो, एक स्ट्रेस घे आणि टाक फासा. आला ५. म्हणजे पावती आहे, पण भानगडीसकट. मी म्हटलं, पावती खरी, शिक्का खरा, फक्त मुनीमाने घाईत घोड्याचा रंग पांढरा लिहिलाय. आणि तुमच्यासमोर उभा आहे काळाकुळकुळीत घोडा.

पुढचा अर्धा तास मी काहीच केलं नाही, नुसता हसत बसलो. त्यांनी पहारेकऱ्याला "पांढरा मागून येतोय, हा दुसराच" म्हणून थोपवलं, घोडा मागे तंबूंच्या आडोशाला नेला आणि अंधारात त्याला चुना फासायला लागले. म्हणजे अक्षरशः चुना लावणं चाललेलं. मी कागदावर एक गोल काढून त्याचे सहा तुकडे केले होते आणि वर लिहिलं होतं "मालकाला जाग येते", प्रत्येक गडबडीला एकेक तुकडा भरत होतो, आणि तो गोल सगळ्यांना दिसत होता. हे त्या गेमचं घड्याळ. काय होणार आहे हे लपवायचं नाही, उलट समोर ठेवायचं. पाचवा तुकडा भरला तेव्हा घोडा शिंकला. त्यानंतर नदीतून घोडा पलीकडे न्यायचं ठरलं आणि चुना धुऊन निघाला, पण ते सगळं लिहीत बसलो तर बाकीचे गेम राहतील.

दुसऱ्या नंबरवर कॉल ऑफ कथुलू. केऑसियम कंपनी, सँडी पीटरसन, १९८१. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या भयकथांवरचा गेम, आणि लव्हक्राफ्ट माणूस म्हणून वंशवादी होता हे माहिती असूनच खेळायचं, आम्ही त्याची ती सगळी घाण बाहेर ठेवतो आणि फक्त भीती घेतो. यात शंभराचा हिशोब आहे, तुमचं कौशल्य ६० टक्के असेल तर ६० किंवा कमी आलं पाहिजे. एवढं साधं की आमच्या ग्रुपमध्ये पुस्तकाचं तोंड न बघितलेले लोक पण पहिल्या पाच मिनिटांत खेळायला लागतात. नापास झालात तर "परत जोर लावतो" असं म्हणता येतं, एकदाच, पण मग दुसऱ्यांदा पण हुकलं तर परिणाम आधीपेक्षा वाईट. हा नियम सातव्या एडिशनमधला आणि माझ्या कसोटीला बरोबर उतरणारा.

पण मी या गेमच्या प्रेमात पडलो ते एका वेगळ्याच नियमामुळे. तुमच्याकडे सॅनिटी असते, म्हणजे डोकं ठिकाणावर असल्याचे पॉईंट. काही भयंकर दिसलं आणि एका झटक्यात ५ किंवा जास्त पॉईंट गेले, तर बुद्धीचा फासा टाकायचा. आणि इथे पास झालात तर तुम्ही वेडे होता. नापास झालात तर वाचलात! कारण डोक्याने जे बघितलं ते समजूनच घेतलं नाही, झाकून टाकलं. ज्याला समजलं, तो गेला.

मी हे भुसावळला लावलं. १९२० च्या आसपासचं भुसावळ, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं मोठं जंक्शन, भर मे महिना, आणि पार्सल ऑफिसात एक लाकडी पेटी येऊन पडलीये जिच्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. दुपारी बाबू झोपला की पेटीच्या आतून कोणीतरी श्वास घेतं. मूळ गेम अमेरिकेत घडतो पण खरं सांगू, भुसावळच्या उन्हात दुपारी दोन वाजता रिकाम्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलंय का कोणी? धुकं आणि पडके वाडे लागत नाहीत भीतीला. तर पेटी उघडली. दोघं जण समोर, एक शाळामास्तर, बुद्धी ८५, आणि एक हमाल, बुद्धी ३५. दोघांचेही सहा-सहा पॉईंट गेले. मास्तरने फासा टाकला, ३१. आनंदाने ओरडला, "पास!" मी काही बोललो नाही. तो पण हळूहळू बोलायचा थांबला. मग मी म्हटलं, "हो, तुला समजलं." आणि हमाल, ७२ आले, नापास, पेटीत डोकं घालून विचारतोय, "तठे कोन शे?" त्याला काही झालं नाही. शेवटपर्यंत काही झालं नाही. पुढचं अख्खं सेशन तो मास्तरला हाताला धरून फिरवत होता.

हमाल खेळणारा आमचा मित्र गावाकडे वहीगायनात (आमच्या खान्देशातली लोककला) साथीला बसायचा, त्यामुळे आवाज कुठे पाडायचा हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. इंग्रजी रूलबुक एकाने वाचलं म्हणजे पुरतं, बाकी सगळं मराठी-अहिराणी मिक्स चालतं, आणि मला वाटतं भुताच्या गोष्टीला तर अहिराणीच पाहिजे.

आता जो गेम माझ्या मित्रांपेक्षा माझ्या घरच्यांना जास्त आवडतो तो म्हणजे द क्वाएट इयर. एव्हरी ऑल्डर यांचा, २०१३. यात गेम मास्टर नाही, कॅरेक्टर नाही, फासा पण फक्त मोजायला. मधे एक कोरा कागद, सगळ्यांनी मिळून एका वस्तीचा नकाशा काढायचा, आणि पत्त्यांचा कॅट. एक पान म्हणजे एक आठवडा. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. इस्पिकचा राजा आला की गेम तिथेच संपतो. मूळ गेममध्ये पावसाळा नाहीच, ते आपल्याकडे कसं चालेल, म्हणून आम्ही किलवरला पावसाळा केलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पत्ते निघतातच, कशाला निघतात ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. बहिणी माहेरी आलेल्या, काकू आलेली, झोके झाले, गाणी झाली, आमरस-पुरणपोळी झाली आणि दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी म्हटलं, हाच कॅट घेऊन एक वेगळा गेम खेळू, पैसे लागत नाहीत. गिरणेकाठचं एक गाव काढलं. आईने पहिल्याच झटक्यात देऊळ आणि त्याच्या मागे उकिरडा काढला. यात एक नियम आहे, चर्चा. एक जण विषय मांडतो, मग प्रत्येकाने एकेकदाच बोलायचं, एक-दोन वाक्यं. आणि चर्चेचा निर्णय काहीच लागत नाही! बोलून झालं की संपलं. ग्रामसभा बघितलेल्या माणसाला हे किती पटतं ते काय सांगू. दुसरा नियम, तुमचं कोणी ऐकलं नाही, तुम्हाला राग आला, तर बोलायचं नाही, मधल्या ढिगातून एक टोकन उचलून गपचूप आपल्यासमोर ठेवायचं. टोकन नव्हते म्हणून आम्ही चिंचोके घेतले.

विषय होता विहीर कुठे खोदायची. माझ्या बहिणीने आपल्या पाळीला, कोणालाच न विचारता, पाटलाच्या मळ्यात विहीर काढली आणि त्यावर फासा ठेवला, ५, म्हणजे पाच आठवड्यांनी विहीर तयार. आईने एक चिंचोका उचलला. काही बोलली नाही. मग काकूने दोन उचलले. मी सांगतो, एवढं टेन्शन मी कुठल्या ड्रॅगनसमोर बघितलं नाही. पुढच्या पानावर आईने देवळाजवळ वेगळी विहीर सुरू केली, आणि मग गावाचे सरळ दोन भाग पडले, वरची आळी खालची आळी, अजून त्या दोन्ही विहिरींवरून घरात टोमणे चालू आहेत. तो नकाशा काकूने घडी घालून पर्समध्ये घरी नेला.

फियास्को पण याच जातीचा, मास्टर नसलेला. जेसन मॉर्निंगस्टार, २००९, तीन ते पाच जण, साधे फासे दोन रंगांचे. मोठी महत्त्वाकांक्षा आणि अक्कल बेताची असलेल्या लोकांची वाट कशी लागते ते दाखवणारा गेम. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: तुमच्या सीनला तुम्ही ठरवायचं, एकतर सीन तुम्ही मांडा आणि शेवट चांगला का वाईट ते बाकीचे ठरवतील, नाहीतर सीन त्यांना मांडू द्या आणि शेवट तुमच्या हातात ठेवा. दोन्ही एकदम मिळत नाही. आम्ही आमचा स्वतःचा सेट बनवला, रावेरकडचा केळीचा धंदा आणि तोंडावर आलेली ग्रामपंचायत निवडणूक. नाती: "एकाच ट्रकचे दोन मालक". वस्तू: "दुसऱ्याच्या उधारीची वही". जागा: "वजनकाट्यामागची खोली". एवढं टेबलावर ठेवलं की पुढे काही ढकलावं लागत नाही, गाडी आपोआप खड्ड्यात जाते. पण एक आहे, लाजाळू माणूस असेल तर हा गेम त्याच्यावर अन्याय करतो, सारखं काहीतरी सुचावं लागतं, त्यामुळे नवीन लोकांबरोबर मी काढत नाही.

टेन कँडल्स. स्टीफन ड्यूई, २०१५. दहा मेणबत्त्या लावायच्या, अंधार करायचा, आणि शेवटी सगळी कॅरेक्टर मरणार हे सुरुवातीलाच माहिती असतं. खेळ सुरू करताना प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टरचा शेवटचा निरोप मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, आणि सगळे मेल्यावर अंधारात तो लावायचा. एकदा ऐकाच. मेणबत्ती कशानेही विझली तरी परत पेटवायची नाही, सीन तिथेच संपला. आता अडचण अशी की पंखा लावला तर सगळ्या एकदम विझतात आणि पंखा बंद ठेवला तर मे महिन्यातल्या जळगावात कॅरेक्टरच्या आधी आपणच जातो. त्यामुळे हा गेम फक्त भरिताच्या सीझनमध्ये, म्हणजे थंडीत. शेतात भरीत पार्टी, कळण्याची भाकरी, जेवण झाल्यावर आत खोलीत मेणबत्त्या. कॅरेक्टर शीटवर तेलाचे डाग पडतात पण त्या शीट नाहीतरी खेळता खेळता मेणबत्तीवर जाळायच्याच असतात, नियमच आहे तसा.

भाचे मंडळींसाठी माउसरिटर. आयझॅक विल्यम्स, २०२०, आपण सगळे उंदीर, तलवार म्हणजे सुई. पीडीएफ फुकट मिळतो. सामानाची छोटी कार्डं कापून शीटवरच्या चौकोनात ठेवायची, आणि मजा अशी की भूक लागली, घाबरलात, तर त्याचं पण कार्ड येतं आणि सामानाची जागा खातं. नऊ वर्षांच्या पोराला हे लगेच कळतं: घाबरलोय म्हणून चीज टाकून द्यावं लागलं. हल्ला केला की लागणारच, लागलं का नाही याचा वेगळा फासा नाही, थेट किती लागलं तेवढं बघायचं, म्हणून लढाया दोन मिनिटांत संपतात आणि पोरं पटकन शिकतात की लढू नये, पळावं. आमच्या उंदरांचं राज्य धान्याच्या कोठीत आहे आणि मांजर हे तिथलं संकट. भाचीने मांजराशी तह केलाय, रोज एक सुकट. सुकट कुठून आणणार ते तिने अजून ठरवलेलं नाही.

राहिला ट्रॅव्हलर. मार्क मिलर, १९७७, अंतराळातला गेम, आणि याची ख्याती अशी की कॅरेक्टर बनवता बनवताच ते मरू शकतं. तुम्ही नौदलात जाता, का व्यापारी जहाजावर, चार वर्षांची एकेक नोकरी करता, आणि दर चार वर्षांनी जगला-वाचला का याचा फासा. हुकला, की मेला, घ्या नवा कागद. नंतरच्या एडिशनमध्ये मरणाऐवजी अपघात, नोकरी गेली, पाय गेला, असं केलंय पण आम्ही जुनाच नियम हट्टाने घेतला. रेल्वेवाल्याचा कॅप्टन रिटायरमेंटला एकच टर्म राहिली असताना गेला, तर तो म्हणतो आता पेन्शन कोणाला मिळणार ते ठरवल्याशिवाय मी नवीन बनवत नाही. मग सगळ्यांनी मिळून त्याची बायको बनवली, तिची नोकरी, तिचा भाऊ, भावाचं कर्ज. रात्रीचे साडेअकरा वाजले, जहाजाला अजून नाव पण नव्हतं, आणि मेडिकलवाल्याला सकाळी शटर उघडायचं होतं.